पत्रावळीवरची येळवस

कमलनगर
६ नोव्हेंबर २०११

चि. सौ. दीपमाला हिस राजू आत्याचा भरभरून आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला तव्हा मी नुसती व्हय व्हय म्हणत गेले. खरं सांगू का, त्यातलं अर्धं बी मला ऐकू आलं न्हाई. मोबाईल कानाला लावला की घूं घूं व्हतंय. शिवप्रसादनं हैदराबादहून कानात घालायचं यंत्र धाडलंय, पण ते घातलं की शेजारची पिठाची गिरणी आपल्याच डोक्यात चालायलीय असं वाटतंय. असला लेक, यंत्र धाडतो पण स्वतः येत न्हाई. म्हणून तू आता पत्रच लिहीत जा. चौथीपर्यंत शिकलेय मी, वाचता येतंय.

तुझी नोकरी सुटली आन् तू घरात बसून इंटरनेटवर जुनी ताटं-वाट्या विकायलीस, एवढं समजलं. पुण्यातली लोकं जुन्या कपबशा पैसे देऊन घेतेत व्हय? नवल हाय बाई. पण तू विचारलंस म्हणून सांगते, आमच्या मालकांनी आणलेली चिनी मातीची ताटं अजून पेटीत हायेत. तुला आठवत असतील. मालक तूर घेऊन हैदराबादला गेलते. तिथं कुण्या नवाबाच्या देवडीतल्या, म्हणजे वाड्यातल्या, सामानाचा लिलाव चाललता. मला लुगडं आणतो म्हणून गेलेला माणूस दोन डझन ताटं घेऊन आला. पांढरीशुभ्र, काठाला निळी वेल, वेलीच्या वर सोन्याची बारीक रेघ. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले न्हाई. मग मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस आली, रानाची पूजा झाली, शेतात कडब्याच्या कोपीपुढं त्या ताटांची पंगत बसली आन् सगळ्या शिवारात बोलबाला झाला की भगवानरावाच्या शेतात नवाबाच्या ताटात भज्जी मिळते. नाव घेतलं बघ मालकाचं. लिहिण्यात चालतंय म्हण.

तव्हापासून दर येळवशीला तीच ताटं. दुसऱ्या कुणाला घासायला दिली न्हाईत कधी. पंगत उठली की माझी मी गोळा करायचे, मोजायचे. एवढ्या वर्षांत एकच फुटलं, ते बी शेजारच्या चंद्रम्माच्या थोरल्या सुनेच्या हातून. मी तिला एक शब्द बोलले न्हाई. तुकडे वेचले आन् पदरात बांधून घरी आणले.

पण औंदा मी येळवस करणार न्हाई. गेल्या साली हंडा भरून सोल्या-शेंगांची भज्जी केली, गव्हाची खीर केली, आंबिलाचं मडकं भरलं. आलं कोण? चन्नबसप्पा मास्तर आन् दोघं-तिघं. तेबी उभ्या उभ्या आंबील पिऊन पुढच्या शेतात गेले. सगळ्यांची पोरं पुण्या-हैदराबादला गेली, आता कोण येतंय जेवायला? उरलेली भज्जी म्हशींनी खाल्ली. तव्हा लई वाईट वाटलं. जेवणारीच न्हाईत तर ताटं ठेवून काय करू? तुझ्या दुकानाला लागत असतील तर घेऊन टाक. मी ट्रॅव्हल्सनं धाडते.

तब्येतीला जप. आत्याची आठवण मनातून जाऊ देऊ नको.

तुझी,
राजू आत्या


पुणे
२५ नोव्हेंबर २०११

ती. राजू आत्यास दीपमालाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ताटं पोचली. एकालाही साधा टवका नाही. जुन्या लुगड्यांत गुंडाळून वर तुरीचं भुसकट, आत्या, इथले कुरियरवाले तुझ्याकडून शिकतील.

पण एक गोष्ट कामून केलीस ते सांग. प्रत्येक ताटात तू शेंगपोळी ठेवलीस! खोकं उघडलं तर मुंग्यांची रांग लागलेली. मी बाकीची ताटं धुतली, पण जोडीनं बांधलेली चार न सोडता तशीच, पोळीसकट, एका बाईंना गेली. त्यांचा रागारागानं फोन आला की जुनं ताट मागवलं होतं, कुणाचं उष्टं नव्हे. मी शरमेनं अर्धी झाले. दोन दिवसांनी पुन्हा त्याच बाईंचा फोन. मला वाटलं, ताटं परत घ्या म्हणतील. तर विचारतात, त्या पोळीत शेंगदाण्याबरोबर अजून काय घातलंय? म्हणजे खाल्ली बघ त्यांनी.

आता महत्त्वाचं. नरसिंग म्हणून एक गृहस्थ आहेत, मूळचे आपल्या औरादकडचे. बाणेरला हॉटेल काढतायत, जुन्या पद्धतीच्या जेवणाचं. त्यांना राहिलेली सगळी ताटं एकदम पाहिजेत. पुढेही काय काय लागेल ते माझ्याकडूनच घेणार म्हणाले. हे जमलं तर माझं दुकान उभं राहील आत्या. सहा महिने झाले, घरातली चार माणसं माझ्या या कामाकडे हौस म्हणूनच बघतायत.

ताटं पुसताना लहानपणची येळवस सारखी डोळ्यांपुढे येत होती. हरभऱ्याचं हिरवं रान, कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव म्हणून मांडलेले, चुना लावलेले पाच दगड, आणि चुलीवर रटरटणारी तुझी भज्जी. तुरीचे सोले, वालाच्या शेंगा, मेथी, चिंच, काय काय घालायचीस. बैलगाडीत आई आम्हाला सगळ्या वाटेनं एकच बजावायची, ताट दोन्ही हातांनी धर, मांडीवर घेऊ नको, हलू नको. मी इतकी ताठ बसायचे की घरी येईपर्यंत पाठ दुखायची. तरी दरवर्षी कधी एकदा येळवस येते असं व्हायचं.

म्हणून म्हणते, तू येळवस बंद करू नको. मागं कशी पळसाच्या पत्रावळीवर जेवायची लोकं, तशी जेवतील. मला या दिवसांत निघणं जमत नाही, पण तू नुसती बसून राहिलीस तर मला इथं घास गोड लागायचा नाही.

भगवानमामांच्या फोटोला माझा नमस्कार सांग. मायेची सावली अशीच असू दे.

तुझी,
दीपमाला


कमलनगर
३ डिसेंबर २०११

चि. सौ. दीपमाला हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चन्नबसप्पा मास्तरांनी आणून दिलं. वाचलं आन् तुझ्या त्या बाईवर हसू बी आलं. अगं, घरातून भांडं रिकामं कसं धाडायचं? तुझी आई शेजारणीची वाटी कधी रिकामी परत द्यायची का? चिमूटभर साखर तरी घालायची. मग मी माझ्या घरातली ताटं कायमची धाडायलेय, ती कोरडी धाडू? मुंग्या लागल्या तर लागू दे. मुंग्यांचं बी पोट हाय.

शेंगपोळीत शेंगदाण्याचा कूट, गूळ, थोडी खसखस आन् वेलची. बाईला सांग.

तुझं दुकान उभं राहात असंल तर त्या नरसिंगला ताटं खुशाल दे. आनंदानं दे. एकदा दिलेलं मी मागत नसते.

पण पत्रावळीचं काही मला सांगू नको. ज्या शेतात नवाबाच्या ताटात लोकं जेवली, तिथं आता पळसाच्या पानावर वाढू? लोकं काय म्हणतील? भगवानराव गेले आन् राजूबाईचं घर बसलं, असंच म्हणतील का न्हाई? मालक असते तर त्यांनी बी हे होऊ दिलं नसतं. त्यापरीस न केलेली बरी. एकटी जाईन, पाच दगडांची पूजा करीन, ज्वारीचे चार उंडे आन् वाटीभर भज्जी निवेद दाखवीन, मडक्यातलं आंबील रानात शिंपडीन आन् घरी येईन. तसं बी कोण वाट बघायलंय माझी?

ताटं गेल्यापासून पेटी उघडीच हाय. झाकायला मन होत न्हाई.

रागावू नको. आत्या हट्टी हाय हे तुला ठाव हाय. लोभाला कमी करू नको.

तुझी,
राजू आत्या


पुणे
१३ डिसेंबर २०११

ती. राजू आत्यास शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र कमलनगरच्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती देतेय, म्हणजे तुला दोन दिवसांत मिळेल.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू ताटं आनंदानं दिलीस असं मला वाटत होतं. उघड्या पेटीचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. मी नरसिंगांना थांबायला सांगितलंय. ते म्हणाले, महिनाअखेरीस हॉटेल उघडायचंय, तुमचं नक्की नसेल तर दुसरीकडून घेतो. त्यात त्यांची चूक काही नाही.

तरी तू फक्त हो म्हण. विकली गेली ती सोडून बाकी सगळी ताटं घेऊन मी येळवशीच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीनं निघते. हे गिऱ्हाईक गेलं तर दुसरं बघेन. तुझी पंगत मोडून माझं दुकान चालायला लागलं, हे मला जन्मभर खात राहील. रुसून नाही म्हणू नको. तुझं उत्तर येईपर्यंत ताटं कपाटातच ठेवलीत.

हट्टाच्या बाबतीत मी तुझीच भाची आहे. जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी,
दीपमाला


कमलनगर
२८ डिसेंबर २०११

चि. सौ. दीपमाला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला वेळेत उत्तर दिलं न्हाई म्हणून तू रागावली असशील. मला हो बी म्हणवंना आन् न्हाई बी म्हणवंना. करू करू म्हणता येळवस उजाडली.

काय झालं ते सांगते. सकाळी उंडे थापत बसलते तर चंद्रम्मा आली. दरसालासारखी पेटी उचलू लागायला आली असंल. पेटी रिकामी बघून तिनं विचारलं, अक्का, ताटं कुठं गेली? मी सांगितलं, पुण्याला गेली, विकायला काढलीत, औंदा पंगत न्हाई. ती तशीच निघून गेली. मला वाटलं, झालं, आता गावभर सांगत फिरंल.

मी एकटी शेतात गेले. पूजा उरकली, आंबील शिंपडलं. निघायच्या बेतात होते तर बांधावरून माणसं यायलेली. पुढं चंद्रम्मा, तिच्या मागं तिन्ही सुना, लेकरं, तिच्या भावकीतली माणसं, वरच्या शेतातली तिप्पण्णाची माणसं, मागं काठी टेकत चन्नबसप्पा मास्तर. कुणाच्या डोक्यावर भज्जीचं पातेलं, कुणाच्या हातात धपाटे, मोठ्या सुनेच्या काखेत पळसाच्या पत्रावळ्यांचा गठ्ठा. मला मेल्याहून मेल्यागत झालं. माझ्या शेतात दुसऱ्याचं अन्न! मी म्हटलं, थांबा, कुणी बसायचं न्हाई. चूल पेटवली, चंद्रम्माच्या भज्जीत माझे सोले घातले, माझी चिंच घातली, मग बसवलं.

दीपा, काय सांगू तुला. लेकरं पत्रावळ घेऊन पार बांधावर जाऊन बसली, कुणी झाडावर चढून जेवलं. बाया मांडी सोडून ऐसपैस बसल्या, गप्पा मारत जेवल्या. मास्तरांनी तिसऱ्यांदा भज्जी मागितली. एवढी वर्षं बघायलेय त्या माणसाला, दुसऱ्यांदा कधी घेतली न्हवती. मी आग्रह केला की पोट भरलं म्हणायचे. चंद्रम्माची थोरली सून लेकराला मांडीवर घेऊन जेवली, हसायली काय, माझ्या हातून वाढून काय घ्यायली. ताट फुटल्यापासून ती येत न्हवती, आजारी असती असं मला सांगायचे.

हात धुताना चंद्रम्मा माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला आन् कानाशी तोंड आणून म्हणाली, “अक्का, औंदा पोटभर जेवलो बघा.”

मी विचारलं, कामून, याच्या आधी मी कमी वाढत होते का? ती हसली. म्हणाली, वाढत होता की, पण ताट हातात असताना घास कुठं उतरतोय, आमचं ध्यान ताटाकडं आन् तुमचं बी ताटाकडं.

मी कोपीच्या आड जाऊन रडले थोडी. मालकांनी हौसेनं आणलेली ताटं, त्यांना काय ठाव. मला वाटायचं पोरं गेली म्हणून पंगत ओस पडली. पोरं गेली हे खरं, पण जी होती तीबी माझ्यापायी उपाशी उठत होती.

तू ताटं नरसिंगला दे. त्याचं हॉटेल उघडायच्या आत मिळावं म्हणून हे पत्र हातोहात धाडतेय, लगोलग दे, थांबू नको. त्याला एवढंच सांग की फुटलं तर फुटू दे. आन् तुझं दुकान चांगलं चालू दे, कुणी हौस म्हणलं तर म्हणू दे.

माणसं दिवस मावळेपर्यंत उठली न्हाईत. लेकरांनी तर पातेल्याचा तळ खरवडून खाल्ला. मी घरी आले, भूक लागली म्हणून डबे धुंडाळले, तर उंड्याचा एक तुकडा बी उरला न्हवता. ताकात मीठ घालून पिले आन् निजले. लई दिवसांनी इतकं बरं वाटलं बघ.

चार ओळी लिहीत जा. माया असू दे.

तुझी,
राजू आत्या