लेबलावर बारा

ब्लफ, १४ एप्रिल २०१९

प्रिय क्लॅरीभावजींस,
रेविनचा स. न. वि. वि.

आजच्या बोटीने बेटावर तुमच्या व्हेपमध्ये भरायच्या रसाची एक बाटली पाठवते आहे. नेव्हला जाऊन सहा आठवडे झाले. त्याने भरून दिलेल्या बाटल्या तुमच्याकडे संपत आल्या असतील. ही मी बनवली आहे. हसू नका. आयुष्यात मी व्हेप ओढलेलं नाही. रुबार्ब-कस्टर्डचा अर्क किती घालायचा तेही त्याच्या वहीतून शोधलं. पहिल्यांदा दुप्पट पडला, सगळं ओतून द्यावं लागलं. ग्लिसरीन पाकासारखं सावकाश उतरतं. तुमचा भाऊ एवढा उतावळा, इथे कसा धीर धरायचा कोण जाणे. चार आठवडे चादरींच्या कपाटात मुरवलं आहे.

जोर त्याच्याइतकाच ठेवला. ड्रॉवरमध्ये त्याने लिहून ठेवलेली लेबलं सापडली, ‘क्लॅरी, बारा’. तेवढंच, म्हणजे मिलिलिटरला बारा मिलिग्रॅम निकोटिन मोजून घातलं.

डॉक्टर काय म्हणाले ते विसरू नका. तुमची फुप्फुसं आणखी एक वर्ष सिगारेट सोसणार नाहीत. तुमच्याकडे लक्ष ठेवायचं, एवढंच नेव्हने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

लोभ आहे तो राहू द्यावा.
रेविन

ओबान, २८ एप्रिल

ती. वहिनींस,
क्लॅरीचा स. न. वि. वि.

बाटली पोचली. चव थेट नेव्हची. पण वहिनी, घातलंत काय त्यात? दोन झुरक्यांत डोकं गरगरलं, कठडा धरून खाली बसलो. बोटीवरचा एर्नी म्हणाला, वहिनीशी भांडलास काय रे, विष पाठवलेलं दिसतंय.

नंतर मात्र सोडवेना. नेव्हची बाटली पंधरा दिवस पुरायची, तुमची चार दिवसांत संपली. मग जिवाची अशी तगमग सुरू झाली, की दुकानातून सिगारेटचं पाकीट आणलं. आता रोज एक लागतं. रागावू नका. दुसरी बाटली लवकर पाठवा, म्हणजे हे सुटेल.

तब्येत सांभाळा. आठवण ठेवावी.
तुमचा क्लॅरी

ब्लफ, ५ मे

प्रिय क्लॅरीभावजींस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून नेव्हची वही पुन्हा काढली. या वेळी मागच्या बाजूने उघडली. तिथे पेन्सिलीने तुमचं नाव आहे. खाली बारा, मग दहा, आठ, सहा, असं उतरत नोव्हेंबरपासून शून्य. लेबलावर मात्र दर वेळी बाराच. शेवटी लिहिलं आहे, ‘वाढदिवसाला सांगायचं. त्याचा चेहरा बघायचाय.’

तुमचा वाढदिवस मार्चच्या एकवीसला. तो दोन तारखेला गेला.

म्हणजे पाच महिने तुम्ही सुटलेले होतात. मी लेबल वाचलं आणि तुम्हाला परत अडकवलं.

सोबत शून्याची बाटली आहे. महिनाअखेरपर्यंत मुरू द्या. लेबल तेच लावलं आहे. न सांगता पाठवावी असं फार वाटलं, जमलं नाही.

जमल्यास लोभ ठेवावा.
रेविन

ओबान, ९ जून

ती. वहिनींस,
स. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे थांबून बाटली उघडली. चव तीच आहे. पण शून्य आहे हे ठाऊक असताना ओढली. नुसती गोड वाफ. अर्ध्या तासात सिगारेट पेटवली.

नेव्हला मी विचारायचो, कमी घातलंस का रे? तो म्हणायचा, तुला काय कळतंय, तुझी जीभ कॉड माशाची. इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलायचा. म्हणून मी सुटलो. तुम्हाला ते येत नाही. तुमचा दोष नाही, पण आता कोणाला येणारही नाही.

समुद्रातून मासे धरायचे पिंजरे ओढताना धाप लागते, म्हणून बोट एर्नीला चालवायला दिली आहे. डॉक्टरांनी इन्व्हरकार्गिलला बोलावलं होतं. गेलो नाही. ते काय सांगणार ते मला खोकल्यावर कळतंच. आणखी बाटल्या बनवत बसू नका. लेबल भिजवून काढून ठेवलं आहे.

फेब्रुवारीत नेव्हचा फोन आला होता. वाढदिवसाला आम्ही दोघं चीज रोल घेऊन येतोय, एक बातमी आहे, खुर्चीत बसून ऐक म्हणाला. मला वाटलं घर विकताय. मी त्याला म्हटलं, तुझ्या बातमीने माझं काय बदलणार आहे?

तुम्ही जपून राहा.
क्लॅरी