थाळीतले काळे दाणे

राजमुंद्री,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. नाना,

पाया पडतो. पत्र शिवांगीताई वाचून दाखवेलच. ताई, हळू वाच, आणि मधलं काही गाळू नको.

मी ठीक आहे. जेवणात रोज भातच, पोह्यांची फार आठवण येते. नर्सरीतलं काम सुटलेलं नाही. पाच महिने झाले, एवढा तर मी आपल्या इंदोरच्या सराफ्यात गाडीवर गराडूचे काप तळायलापण टिकलो नव्हतो. मोतियाबिंदूचं डॉक्टरला विचारलंत का?

दर रविवारी फोनवर एक गोष्ट तोंडापर्यंत येते आणि मी "जेवलात का" विचारून मोकळा होतो. म्हणून लिहितोय. अक्षर आठवीचंच आहे, चालवून घ्या.

मागच्या वर्षी आपल्या दारातली निलगिरी आंधीत पडली, तेव्हा तुम्ही चाचपडत तिची बोंडं वेचलीत. पेपरवर वाळवलीत. ती उघडली, आतली भुकटी खाली पडली. तुम्ही म्हणालात, "मला दिसत नाही रे बंटी, बी तू निवड." मी थाळी घेतली आणि आई तांदळातले खडे काढायची तसं निवडलं. भुरे दाणे भरपूर, ते ठेवले. काळे थोडेसेच होते, ते कचरा म्हणून मोरीत टाकले.

इथे तिसऱ्याच दिवशी मुकादम बाईंनी माझा हात धरला. "इंदोरवाले, भूसा बोएगा क्या?" नाना, निलगिरीचं बी काळं असतं. भुरा सगळा भुसा.

तुम्ही दोन महिने त्या भुशाला पाणी घातलंत. रोज विचारायचात, "बघ रे, हिरवं काही दिसतं का?" एक दिवस मी वैतागून बोललो, "नाना, तुमच्या हातानं आता काही उगवत नाही." तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्या शेजारच्या धनेशकाकांकडे देऊन आलात. तुळससुद्धा. त्यानंतर तुम्ही मातीला हात लावला नाही, ते ताई सांगते.

मला हे जूनपासून माहीत आहे. तरी गप्प राहिलो.

निघताना सर्दीत वास घ्यायला म्हणून तुम्ही बॅगेत त्यातल्याच न उघडलेल्या बोंडांची पुरचुंडी ठेवली होती. ती मी खिडकीत वाळवली. आइसक्रीमच्या डब्यात बारीक रेती, वर बी नुसतं भुरभुरलं, माती टाकली नाही. पाणी खालून, वरून प्लास्टिकची पन्नी. आठव्या दिवशी सहा उगवली. मोहरीएवढी पानं. आपल्याच झाडाची, नाना.

उरलेलं बी कागदाच्या पुडीत पाठवतोय. मीच निवडलंय, म्हणून ताईकडून एकदा बघून घ्या. पेरायचं मात्र तुमच्याच हातानं.

धनेशकाकांकडून कुंड्या परत मागा. का म्हणून विचारलं तर माझं नाव सांगा. सगळ्यांसमोर सांगा.

तुमचाच, तोंड लपवून बसलेला,
बंटी