एल्सबीच्या मैदानावरचे तेरा इंच

एल्सबी, मंगळवार, संध्याकाळ

आदरणीय थोरले बंधू नॉर्वल यांस धाकट्या एल्विनचा नमस्कार.

('आदरणीय' वाचून चष्मा पुसू नकोस, बरोबरच वाचलंस. हा शब्द का घातला ते पुढे येईलच.) तुझ्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली असेल अशी आशा करतो. मार्लिसवहिनींची साखर आटोक्यात असेल, सूर्यफुलांची कापणी पाऊस यायच्या आत उरकली असेल, आणि ब्रेंटला फार्गोची नोकरी मानवली असेल, असं सगळं मी इथे बसून धरून चाललो आहे, कारण विचारायला अकरा वर्षांत तोंड उरलेलं नाही. इकडे मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण या वयात कुरकुर न करणारा अवयव कुणाचा असतो?

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोन वहिनी उचलतात, आणि त्यांच्याशी हवापाण्याचं बोलता बोलता माझा धीर संपून जातो. गाडी काढून अठरा मैल यावं तर तुझा कुत्रा मला ओळखत नाही. त्याचा दोष नाही, तो घरी आला तेव्हापासून मी तुझ्याकडे आलेलोच नाही. म्हणून पत्र. एल्सबीहून ग्रॅनविकला जाणारं पत्र आधी बिस्मार्क शहराच्या टपालकचेरीची सहल करून येतं, तरी गुरुवारी तुझ्या हातात पडावं. गुरुवारीच पडायला हवं, कारण शुक्रवारी आमच्या शाळेच्या वर्तमानपत्रात माझ्याबद्दल एक बातमी छापून येणार आहे, आणि ती तू धान्याच्या कोठारावर कुणाच्या तरी तोंडून ऐकावीस हे मला सहन होणार नाही.

शाळेचं तुला ठाऊकच आहे. वरच्या चार वर्गांत मिळून सत्तेचाळीस मुलं. पुढच्या शरदापासून आमचा आणि तुमचा संघ एक होणार, म्हणजे आमचे कोल्हे आणि तुमचे रानरेडे एकाच रंगाचे सदरे घालणार. (नवं नाव ठरवायला दोन्ही शाळांतल्या मुलांनी मतदान केलं. सर्वांत जास्त मतं 'बटाटे' या नावाला पडली. मुख्याध्यापकांनी मतदान रद्द केलं. मुलं अजून नाराज आहेत.) आपल्या पिढीला हे जड जातंय, पण मुलांना काही वाटत नाही. ती आधीच एकाच गाडीतून कुस्तीच्या सामन्यांना जातात आणि एकमेकांच्या बहिणींबरोबर नाचाला जातात.

आपल्याकडे वर्षाचे भाग तीनच, हे तू विसरला नसशीलच. फुटबॉलचा, बास्केटबॉलचा आणि धावण्या-फेकण्याचा. दात काढायचा, लग्न लावायचं, गुरं विकायची, सगळं या तिन्हींच्या मधल्या फटींत बसवायचं. मुलं इतकी थोडी की एकेकाला चार चार कामं. मध्यंतराला वादकांचं पथक मैदानात येतं त्यात पाच जण फुटबॉलच्या खांदेकवचांसकट असतात. हल्सेथचा धाकटा तर परवा तोंडातली दातपट्टी काढायला विसरून तुतारी फुंकायला उभा राहिला. आवाज आला नाही, पण त्यानं गाणं संपेपर्यंत बोटं मात्र बरोबर चालवली.

या वर्षी गणिताला मिस मारिव्हिक नावाच्या बाई आल्या आहेत, फिलिपिन्सच्या. पहिल्या थंडीतच त्यांनी तीन कोट एकावर एक घालून गावाची मनं जिंकली. आपला हा चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, म्हणून मी त्यांना कुंपणाशी उभं करून समजावलं. म्हटलं, बाई, चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही नेला तर चेंडू समोरच्याला द्यायचा. आणि दहा यार्ड झाले का, ते पाहायला दोन काठ्यांना बांधलेली ही दहा यार्डांची साखळी. ती धरून मी या मैदानावर एकतीस वर्षं उभा आहे. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वीस पोरांच्या ढिगाऱ्याखालून चेंडू काढून पंच तो अंदाजानं ठेवतात, आणि मग तुम्ही तो इंचात मोजता?" एकतीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, हो, तसंच.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी भूमितीच्या आठ मुलांना घेऊन शाळेचं सगळं मोजायला काढलं. झेंड्याच्या काठीची उंची सावलीवरून, व्यायामशाळेचा कर्ण, मुख्याध्यापकांच्या खोलीचं क्षेत्रफळ (ते नकाशात दाखवलंय त्यापेक्षा जास्त निघालं, त्यावर वेगळी चर्चा चालू आहे). आणि गेल्या गुरुवारी मुलांनी साखळी मोजली. तीस फूट भरायला हवी. भरली अठ्ठावीस फूट अकरा इंच. पुन्हा मोजली, तेवढीच. कार्यशाळेच्या मास्तरांची पोलादी पट्टी आणून मोजली, तेवढीच.

आज दुपारी हौगडालांची सिग्ने माझ्याकडे आली. सोळा वर्षांची मुलगी, व्हॉलीबॉल खेळते, क्लॅरिनेट वाजवते आणि शाळेचं चार पानी वर्तमानपत्र एकटी काढते. सरावाहून तशीच आली होती, गुडघ्यांवर पट्ट्या, हातात वही. मी कॉफी विचारली, तर दूध मागितलं. मग म्हणाली, "एल्विन आजोबा, मी रागावून विचारत नाहीये हं. पण साखळी कधीपासून आखूड आहे?" मी म्हटलं, आखूड आहे? ती म्हणाली, "तेरा इंच." मी खुर्चीत बसलो. तिनं दूध संपवलं, पेला धुऊन ठेवला आणि सांगितलं की बातमी तिनं लिहिली आहे, ती शुक्रवारी सामन्याच्या फाटकावर वाटली जाणार, आणि माझं म्हणणं तिला त्यात घालायचं आहे. "आजोबा, कुणाला आधी सांगायचं असेल तर सांगून घ्या," असंही म्हणाली. कुणाला, ते तिनं विचारलं नाही. तिची आजी तुझ्या वर्गात होती, तेव्हा विचारायची गरजही नसावी.

तर कधीपासून, ते सांगतो. बारा वर्षांपूर्वीची, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची मिरवणूक आठव. तू मार्लिसवहिनींबरोबर ग्रॅनविकच्या घोळक्यात उभा होतास. (घरजावई होऊन गेलास त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती, तरी तू त्या घोळक्यात दिसलास की मला अजून खटकायचं. तुझं नाव आमच्याच शाळेच्या भिंतीवरच्या पाटीवर आहे.) बारावीच्या मुलांनी बैलगाडीएवढा कागदी कोल्हा बनवला होता, रानरेड्याचा कान चावणारा. तो माझ्या ट्रॅक्टरला जोडायला दोर कमी पडला, आणि समोर होती शाळेची साखळी. पोस्टापाशी चाक खड्ड्यात गेलं, साखळी ताणली आणि तुटली, कोल्हा रेड्यावर पडला आणि सगळ्यांना वाटलं असंच ठरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी साखळी घरी नेली, शेडमध्ये वाकलेल्या कड्या कापल्या आणि उरलेली दोन टोकं जोडून टाकली. कड्या कापल्या की साखळी आखूड होते हे समजायला भूमिती लागत नाही, असं तू म्हणशील. मला वाटलं, ओढाताणीत बाकीची तेवढी लांबली असेल, फिट्टंफाट होईल. (मैदानावरच्या रेषांवरून कुणाला कळायला हवं होतं, पण त्या मायलो मारतो, आणि मायलोच्या रेषांवर विश्वास ठेवू नका असं पंच स्वतःच नव्या पंचांना सांगतात.)

आता त्याच्या पुढच्या वर्षीचा शुक्रवार. मला लिहायचा नाही, पण लिहितो. शेवटचं मिनिट, तुम्ही अठरा, आम्ही चौदा, आमचा चौथा प्रयत्न. आमचा पोरगा चेंडू घेऊन निघाला आणि तुझ्या ब्रेंटनं त्याला आडवा पाडला. काय पाडला होता, नॉर्वल. मी इतक्या जवळ होतो की माझ्या बुटावर माती उडाली. पंचांनी मोजायला बोलावलं. मी पुढची काठी रोवली. चेंडूचं नाक काठीच्या दोन बोटं पुढे. पंचांनी हात केला, आम्हाला आणखी चार प्रयत्न मिळाले, आणि पहिल्याच प्रयत्नात आम्ही सामना जिंकला. तू कुंपणाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणालास, "फूटभर कमी होता, एल्विन. माझ्या पोरानं त्याला फूटभर आधी पाडला." आणि मी, सख्खा भाऊ, म्हणालो, "साखळी खोटं बोलत नाही."

त्यानंतर थँक्सगिव्हिंगला, आभाराच्या सणाच्या जेवणाला तू टर्कीला हात न लावता उठलास. गाव म्हणालं, नॉर्वलला हार पचत नाही. मीही म्हणालो. न्हाव्याकडे म्हणालो, चर्चमध्ये कॉफी पिताना म्हणालो. ब्रेंटला तर पुढची दोन वर्षं आमची पोरं 'दोन बोटं' म्हणून चिडवत होती आणि मी कुणाला गप्प केलं नाही. तेव्हापासून आपण दोघे फक्त दुसऱ्यांच्या मयतीला भेटतो, आणि तिथेही तू पलीकडच्या रांगेत बसतोस.

तू बरोबर होतास. ब्रेंटनं त्याला पाडला होता. सामना तुमचा होता. हे मी एल्सबीच्या वर्तमानपत्रात छापायला सांगितलं आहे, पण तुला आधी, माझ्या हातानं लिहून. मला वाईट वाटतं, नॉर्वल. वहिनींना आणि ब्रेंटला हे वाचून दाखव. ब्रेंटची माफी मी फार्गोला जाऊन मागेन. त्यानं दार उघडलं नाही तर जिन्यात बसेन.

थंडी सुरू झाली आहे, पाय गरम ठेव. तुझा मान आणि तुझा राग, दोन्ही ठिकाणावर असतील असं समजून इथे थांबतो.

तुझा भाऊ,
एल्विन ट्रिगस्टाड

ता. क. : विनाकारण एवढं लांबण लावलं नाही, एक काम आहे. आमच्यातला ऑल्टन, जो साखळीची मागची काठी धरतो, त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. शुक्रवारचा सामना म्हणजे आपल्या दोन गावांचा शेवटचा. मागची काठी तू धरशील का? नवी साखळी आली आहे, मिस मारिव्हिकनी स्वतः मोजून तिला चिठ्ठी बांधली आहे. पंचांना मी विचारलं. ते म्हणाले, एक भाऊ एका गावचा, दुसरा दुसऱ्या गावचा, याहून बरी साखळी कुठे मिळणार.

ता. क. २ : नियम असा आहे की साखळीवाल्यानं खेळ चालू असताना टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही आणि आपसात वाद घालायचा नाही. अडीच तास तुला माझ्याशी भांडता येणार नाही. हे मी लक्षात घेऊनच विचारतोय.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मला सिग्नेकडून कळलं असं वर भासवलं आहे ते खोटं आहे. त्या सामन्यानंतरच्या रविवारी, चर्चहून आल्यावर, मी साखळी शेडमध्ये पसरून मोजली होती. तेव्हाच तेरा इंच कमी भरली. अकरा वर्षं मला माहीत आहे. सिग्नेलाही उद्या सकाळी सांगणार आहे, तिला बातमी पुन्हा लिहावी लागेल. का लपवलं, तर पोहण्यात, कुस्तीत, पत्त्यांत, वडिलांच्या मर्जीत, सगळीकडे तूच पुढे होतास. त्या शुक्रवारी आयुष्यात पहिल्यांदा तू हरून घरी गेलास आणि मी जिंकून. ते मला परत द्यायचं नव्हतं. त्याचं सुख फार तर आठवडाभर टिकलं, पुढची सगळी वर्षं तू नव्हतास. शुक्रवारी सहा वाजता मी फाटकाशी उभा असेन. आलास तर ये, नाही आलास तर मागची काठी मी कुणाला देणार नाही, पंचांनाच सांगेन की आज मोजायला माणूस नाही.