गार्डाचा डबा

महाल, नागपूर
चैत्र संपत आला आहे

प्रिय अर्णव,

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. "आई, मीटिंग आहे," नाहीतर "आई, नंतर करतो." मग तो नंतर येतच नाही. म्हणून हे सावकाश वाच, आणि वाचून झाल्याबरोबर मला समजवायला फोन करू नकोस. मी चिडले आहे. आणखी काही दिवस चिडलेलीच राहणार आहे.

इथे उन्हाने कहर केलाय. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावून घेतल्या, तरी दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. समोरची चारुशीला रोज चार वाजता येते, आम्ही दोघी कूलरसमोर बसतो. परवा तिने विचारलं, "काहून वं, महिनाभरापासून तोंड फुगवून बसून राहिली?" मी सांगितलं, अर्णवने माझे बिल्ले वाटून टाकले. तिला आधी हसूच आलं. साठी उलटलेली बाई टोपणाएवढ्या बिल्ल्यांसाठी रुसते म्हणजे काय. मग मी तिला सगळं सांगितलं. तुलाही सांगते, कारण तू तिथे असूनही यातलं काही पाहिलेलं नाहीस.

तुझे बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे परदेशात आले. पहिला आठवडा मी घरीच होते. तू एका खोलीत दार लावून ऑफिसच्या कामात, तुझी बायको सुरुची दुसऱ्या खोलीत दार लावून, तुमची नूपुर शाळेत. मी फोडणी घातली की तू दार किलकिलं करून पंखा लाव म्हणायचास. मिक्सर लावला की कानातलं ते फोनचं यंत्र काढून माझ्याकडे नुसता बघायचास. दहाव्या दिवशी तू त्या थीम पार्कचा वर्षभराचा पास आणलास, माझ्या गळ्यात घातलास, फोटो काढलास आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास. खाली लिहिलंस, 'आईची ऐश!' पंकजमामाने लगेच टाळ्या वाजवल्या. इकडे सगळ्या बायका म्हणाल्या, प्रेमलताने नशीब काढलं, पोरगा रोज गाडीने फिरायला नेतो.

तू मला रोज सकाळी दारापाशी उतरवायचास आणि संध्याकाळी तिथूनच घ्यायचास. मधल्या वेळात मी काय करत होते, हे तू एकदाही विचारलं नाहीस. पहिले काही दिवस मी कारंज्याजवळच्या बाकावर बसून राहिले. डब्यातली पोळी-भाजी तिथेच खायची, पुन्हा त्याच बाकावर बसायचं. त्या उंचावरून पडणाऱ्या गाड्यांत बसायची माझी हिंमत नाही, आणि सोबत कोणी नसताना हसायचं तरी कोणाशी? एक दिवस काळ्या चष्म्याआड भरपूर रडून घेतलं. लोकांना वाटलं, म्हातारीला ऊन लागतंय.

मग ती झाडझूड करणारी मुलगी दिसली. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर रंगीत बिल्ले टोचलेले होते. त्यातल्या एका हत्तीकडे मी बोट दाखवलं, नुसतं छान आहे म्हणायला. तिने तो काढून माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात पसरला. मला काही कळेना. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, तिने आपल्या पिशवीतून एक बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला आणि खुणेने सांगितलं, हा तिला दे, तो तू घे. ती रोझा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, माझ्यापेक्षा मोठी, नवरा गेलेला, गुडघे माझ्यासारखेच. तिचं इंग्रजी तिच्या गावच्या वळणाचं, माझं आपल्या कॉलेजच्या ऑफिसातल्या अर्जांचं. पण आमचं जमलं.

तिने मला सगळं शिकवलं. तिथले कर्मचारी पट्ट्यावरचा बिल्ला मागेल त्याला अदलाबदलीत देतात. पण आमच्यासारखे हौशी लोक दुकानामागच्या टेबलांवर आपल्या वह्यांएवढ्या पिशव्या उघडून बसतात, तिथे खरी देवाणघेवाण चालते. नकली बिल्ल्याची कड खरबरीत असते, रंग खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. लहान मुलाला कधी फसवायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कितीही आवडला तरी. हे सगळे तिथे पाळतात, अर्णव, शाळकरी पोरंसुद्धा.

महिनाभरात मला तिथे लोक नावाने ओळखू लागले. साडी नेसून गेले तर माझ्याभोवती गर्दी व्हायची. कोणी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायचं, कोणी चहा आणायचं. मी रात्री जेवताना तुम्हाला हे सांगायला लागले की तू हं हं म्हणायचास आणि ताटाशेजारच्या फोनवर बोट फिरवायचास. नूपुर तेवढी ऐकायची.

मी ज्या बिल्ल्यांच्या मागे लागले, ती एक आगगाडी होती. इंजिन आणि पाच डबे, प्रत्येक डबा म्हणजे वेगळा बिल्ला. इंजिनात अस्वल, मधल्या डब्यांच्या खिडक्यांत बदकं, माकडं, झोपलेलं मांजर. ते सगळं दिवाळीपर्यंत जमलं. शेवटचा मात्र मिळेना. तो गार्डाचा डबा. मागच्या दारात एक ससा उभा आहे, एका हातात हिरवा कंदील आणि दुसऱ्या हाताने टोपी सावरतोय. तुला आठवतं का कोण उभं राहायचं तसं? मी तुला घेऊन अजनीच्या पुलावर यायचे, बाबांची गाडी इटारसीकडे निघायची, आणि शेवटच्या डब्याच्या दारातून ते कंदील हलवायचे. तू मोठ्याने ओरडायचास, ते टोपी सावरायचे. तीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटाला उभं राहून काढली. कोणी विचारलं तर म्हणायचे, गाडी पूर्ण आहे हे मी सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही.

तो ससा मला एका टेबलावर दिसला. दातांना तारा लावलेली एक मुलगी होती, सतरा-अठरा वर्षांची. तिने माझी पिशवी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. मी तिला माझ्याजवळचे सगळ्यात चांगले आठ बिल्ले काढून दिले, पहिला हत्तीसुद्धा. रोझा म्हणाली, तू वेडी आहेस. मी म्हटलं, असू दे. त्या संध्याकाळी गाडीत बसल्याबरोबर मी तो तळहातावर ठेवून तुझ्यापुढे धरला. तू कानात काहीतरी ऐकत होतास. "छान आहे, आई," म्हणालास. बघितलं मात्र नाहीस. सिग्नल लाल होता, अर्णव. तू बघू शकत होतास.

रोझाने मला तिची लाल नखपॉलिश दिली आणि मी सहाही बिल्ल्यांच्या मागे एकेक ठिपका दिला. तिथे तशी पद्धत आहे, आपला बिल्ला गर्दीत हरवला तर ओळखू यावा म्हणून. परत यायच्या वेळी माझ्या सामानात सुरुचीच्या माहेरच्यांसाठी औषधं, धरमपेठेतल्या तिच्या आत्यासाठी भांडं आणि तुझ्या मित्राच्या आईसाठी बूट भरले गेले. वजन जास्त झालं. तू माझी बिल्ल्यांची पिशवी काढून कपाटात ठेवलीस. म्हणालास, पुढच्या दिवाळीत मी स्वतः घेऊन येतो. दिवाळी झाली, तू आला नाहीस.

फाल्गुनात रोझाचा मेसेज आला. एका मुलाच्या पट्ट्यावरच्या इंजिनाचा फोटो, आणि दुसरा फोटो मागच्या बाजूचा, लाल ठिपका स्पष्ट दिसतोय. तिने लिहिलं होतं, तू इथे आलीस आणि मला कळवलंही नाहीस? ते वाचून मला आधी वाटलं चोरी झाली. पण त्या मुलाच्या आईने तिला सांगितलं की हा बिल्ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मिळाला, सगळ्या मुलांना एकेक दिला होता. त्या मैत्रिणीचं नाव नूपुर.

मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "अगं, परतभेटी आणायला वेळच नव्हता. मुलं किती खूश झाली माहितेय? खेळणीच ती, आई." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सुरुचीचा भलामोठा मेसेज आला. तिने लिहिलं की पिशव्या भरताना तिने तुला थांबवलं होतं, आणि तू तिला सांगितलंस, आईला विचारलंय, तिने वाटून टाकायला सांगितलंय. ती बिचारी माझी माफी मागत होती. मला तेव्हा कळलं की तू मला फक्त विसरला नव्हतास. माझ्या तोंडचं उत्तरसुद्धा तूच देऊन टाकलं होतंस.

पुढे काय झालं तेही ऐक, कारण तू विचारलेलं नाहीस. रोझाने तिच्या जवळचे बिल्ले देऊन इंजिन परत मिळवलं. मग सुरुचीकडून मुलांच्या घरचे पत्ते घेतले आणि ती दुखऱ्या गुडघ्यांनी घरोघर गेली. प्रत्येक मुलाला त्याच्या आवडीचा बिल्ला दिला, तेव्हा एकेक डबा सोडवला. इंजिन धरून पाच बिल्ले तिच्याकडे आहेत. गार्डाचा डबा मिळाला नाही. ज्या मुलीच्या वाट्याला तो गेला होता, ती म्हणाली, पोहायला गेले तेव्हा कुठेतरी पडला. पाच वर्षांच्या मुलीवर मी कशी रागावू? मी तुझ्यावर रागावले आहे.

तुझ्याकडे काड्यापेट्यांच्या छापांचा डबा होता, पाचवी-सहावीत असताना. एकदा तू शाळेत असताना बाबांचे साहेब घरी आले होते. त्यांच्या मुलाने त्यातला वाघाचा छाप मागितला. बाबा द्यायला निघाले होते, मी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. म्हटलं, अर्णव घरी आला की त्याला विचारू. साहेबांचा चेहरा उतरला, बाबा माझ्यावर दोन दिवस धुसफुसले. तू संध्याकाळी आलास आणि नाही म्हणालास. मी साहेबांच्या घरी निरोप पाठवला, मुलगा नाही म्हणतो. तू दहा वर्षांचा होतास आणि तुझं नाही या घरात चाललं.

आणखी एक. मला वाटलं होतं हे मी कधी बोलणार नाही. थंडीतली गोष्ट आहे. मी आतल्या खोलीत नूपुरचे फ्रॉक घड्या घालत होते आणि तू स्वयंपाकघरात अमोलशी फोनवर बोलत होतास. त्याची आई यायची होती म्हणून तो तुझा सल्ला घेत असावा. तू हसून म्हणालास, "पास काढून टाक यार. सकाळी सोडून दिली की संध्याकाळपर्यंत डोक्याला ताप नाही." मी शेवटचा फ्रॉक पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पास मी स्वतःच गळ्यात घातला आणि गाडीत जाऊन बसले. तू म्हणालास, आज लवकर तयार झालीस, मज्जा आहे बुवा. म्हणून ते बिल्ले खेळणी नव्हती, अर्णव. तू जिथे मला सोडून जात होतास, तिथे मी एकटीने जे काही उभं केलं होतं, ते त्या पिशवीत होतं.

हे सगळं मी अजूनही गिळून टाकलं असतं. पण सोमवारी पंकजमामाचा फोन आला, अभिनंदन करायला. म्हणाला, ताई, दुसरं नातवंड येतंय, आणि तू सहा महिन्यांसाठी जाणार आहेस म्हणे बाळाला सांभाळायला, अर्णवने ग्रुपवर टाकलंय. मी ग्रुप उघडला. तिथे बातमी होती, खाली पंचवीस जणांच्या शुभेच्छा होत्या, आणि दुपारी तुझ्याकडून माझं तिकीट आलं. मला नात होणार की नातू, हे नंतर कळेल, पण होणार आहे हे मला मामाकडून कळावं? मी डोक्याचा ताप होते तेव्हा तुझ्या घरात मला दुपार काढायला जागा नव्हती, आणि आता बाळ सांभाळायला माणूस हवं तर सहा महिन्यांची जागा निघाली. ते तिकीट रद्द कर. मी पोळ्याच्या सुमारास येते आहे, माझ्या पेन्शनमधून काढलेल्या तिकिटावर, आणि रोझाकडे उतरणार आहे. तिची मागची खोली रिकामी आहे, तिने मला तीनदा बोलावलं आहे. सुरुचीला मी काल हे कळवलं. ती रडली, मग म्हणाली, "आई, तुम्ही बरोबर केलंत. पण बाळाला पहिली आंघोळ तुम्ही घालाल का?" मी हो म्हटलं. तिने विचारलं म्हणून हो म्हटलं. तेवढ्या कामासाठी मी रोज येईन, तेल लावीन, शेक देईन आणि जेवायच्या आधी निघून जाईन. तुला माझ्याशी काही बोलायचं असेल, तर रोझाच्या घरी ये. येण्याआधी विचार. मला वेळ असला तर मी सांगेन.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
आई