बियाण्याचा दुधी

आनंदी,

बियाण्यासाठी मळ्यातल्या वेलावर राखलेला दुधी माकडांनी नेला नाही आणि आपल्या बकुळनेही तोडला नाही. तो मी तोडला. बकुळला आणि तिच्या सोबतच्या मुलांना बी कुठे असतं ते दाखवायचं होतं. देठाला तू बांधलेला लाल दोरा दिसला होता, तरी शिकवण्याच्या भरात हात थांबला नाही. बिया कोवळ्या निघाल्या, रुजायच्या नाहीत. तुझ्या आईने दिलेलं वाण होतं, हंगामभर तू नीलगायींपासून राखलेलं.

रात्री जेवताना तू बकुळला दटावलंस, "तूच तोडलास ना गं? सच सांग!" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी वरणभात कालवत राहिलो.

पहिल्या नावेने नदीपलीकडे रामनगरला मळ्यावर जातो आहे. शेजारच्या मळ्यातल्या रामधनीकडे दुधीचं बी मागेन. ते तुझ्या आईच्या वेलाचं नसेल, हे कळतं मला.

बकुळ उठली की आधी तिला जवळ घे. हे सगळं मी तिच्यासमोर बोलायला हवं होतं. नावेची घाई हे निमित्त आहे. तिच्या नजरेला नजर देववत नाही, म्हणून निघालो.

अण्णा