पूजेतले टोक आणि कामाचे टोक

॥ श्री ॥

आज मुंबईहून व्ही.पी.ने टायटॅनियमची कांडी आली. कांडी रु. १४००, टपालखर्च रु. ६५. मागवणारे माझे यजमान कै. हरिहर श्रावणात गेले; मागणी त्यांच्या नावची, म्हणून सोडवून घेतली. पार्सलची दोरी कोणीतरी सोडून पुन्हा बांधलेली दिसली. तेव्हा आता थांबत नाही.

मी, श्रीमती उल्का हरिहर दामले, वय ६२, जुनी मॅट्रिक, राहणार रत्नागिरी, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्याशिवाय हे लिहिते. कोरा कागद चालतो असे वकील म्हणाले, म्हणून कोराच घेतला. याआधीचे मृत्युपत्र कोणी दाखवल्यास खोटे समजावे.

१. घर, परसातली कलमे व पोस्टातली शिल्लक माझी एकुलती मुलगी अपूर्वा हिला.

२. ह्यांच्या मिरजोळ्याच्या कारखान्यातला लेथ तिथले कारागीर गंगाराम शिवलकर यांना. माणूस गोड बोलत नाही, म्हणून विश्वास आहे.

३. हाड कापायचे हत्यार ह्यांनी व अपूर्वाने मिळून घडवले. विजेवर त्याचे टायटॅनियमचे टोक इतके बारीक, इतके भराभर थरथरते की कानाला ऐकू येत नाही. हाड कापते, शेजारच्या मऊ शिरेला धक्का लावत नाही. परीक्षा अंड्यावर: कवच कापायचे, आतला पापुद्रा शाबूत राहायचा. अंडी मी पडवीच्या आत येऊ दिली नाहीत. पैसे मात्र घरखर्चातूनच दिले. पेटंटच्या अर्जात ह्यांनी आपल्या जोडीला पुतण्या सलिलचे नाव घातले, मुलीचे नाही. "ती उद्या दुसऱ्याच्या घरची," म्हणाले. तेव्हापासून अपूर्वा नाशकाहून पत्र टाकत नाही. अर्ज अजून पाठवलेला नाही.

४. सलिलला काही नाही. खंडेनवमीला आमच्याकडे चालते टोक पूजेत मांडत नाहीत, तडकलेले मांडतात. ह्यांचीच रीत: "शिकवलं ते त्यानं." सलिल दरवर्षी जेवणाच्या वेळेलाच उगवणारा, त्याला काय माहीत! यंदा लवकर आला. "काकू, जरा दर्शन घेतो." मी नैवेद्य आणायला वळले, परतले तर ताम्हनात नुसत्या अक्षता. चार दिवसांनी त्याचा फोन.

"काकू, काकांचं यंत्र बोगस हो. डॉक्टरांसमोर अंडं पार फुटलं!"

"टोक तुझ्याकडे कुठून आलं रे?"

फोन बंद.

५. चालते टोक व आकृत्या अपूर्वाला. सलिलचे नाव काढून वडिलांशेजारी तिचे घालावे व अर्ज तिनेच पाठवावा. टोक कुठे आहे ते येथे लिहीत नाही. मृत्युपत्राला वाचणारे फार. व्यवस्थापक म्हणून तिलाच नेमते.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर त्यांना दाखवलेला नाही.

सही: उल्का हरिहर दामले
साक्षीदार: डॉ. वेद आगाशे, सौ. सावनी भाटकर
रत्नागिरी, २१ ऑक्टोबर २००३

(अपूर्वाच्या प्रतीवर)
अपू, टोकाची जागा मी फोनवर सांगणार नाही, पत्रातही नाही. तू आलीस तरच, तोंडी. मी आधी गेले तर ते कोणालाच सापडायचे नाही. रागाचे नंतर बघू. येतेस की नाही, एवढे उलट टपाली कळव.