कानस लावलेली लेन्स

३ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्या बंद स्टुडिओतली पोर्ट्रेटची लेन्स आईने मागच्या खेपेला माझ्या पिशवीत घातली. तिला बोलू नका, मीच मागितली होती.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर कॅटलॉगसाठी चपला नाहीतर मिक्सर. नव्या लेन्समधून शिवणीचा दोरा न् दोरा दिसतो. चपलेला ते शोभतं. पण त्याच लेन्सने सासूबाईंचा फोटो काढला, तर त्यांनी तो पालथा घातला. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं तोंड जरा वाकडं झालंय. कॅमेरा दिसला की हात तोंडावर जातो. आजारानंतर त्यांचा एकही फोटो घरात नाही. तुमच्या लेन्समधून माणसं कशी मऊ यायची, ते माझ्या डोळ्यांपुढे आहे.

अडचण अशी, की नव्या कॅमेऱ्यावर ती बसवायची रिंग मी मागवली, पण लेन्सच्या मागे धातूची एक पट्टी बाहेर आलीय. फोटो काढताना कॅमेऱ्यातला आरसा उडतो तो तिलाच थडकतो. पट्टी कानशीने तासावी लागेल. तासू ना? लगेच कळवा.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहे तसाच ठेवा, लेन्स हलली तरी.

तुमची,
ठकी

९ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

नाही.

तुझी आई म्हणते एका शब्दाचं पत्र पाठवू नये, म्हणून पुढचं लिहितो. ती पट्टी शोभेची नाही. जुन्या कॅमेऱ्यातली कळ तिच्यामुळे हलते, आणि आत शिरणारा उजेड त्या कळीवर ठरतो. तासलीस की लेन्स त्या कॅमेऱ्याला कायमची परकी. बूट चावतो म्हणून पाय तासणारी माणसं मी अजून पाहिली नव्हती, ती माझ्याच घरात निघाली.

तो कॅमेरा आता वापरतो कोण, असं तू विचारशील. कुणी नाही. रीळ मिळेना म्हणून स्टुडिओ बंद केला, कॅमेरा बिघडला म्हणून नव्हे. एवढा महागाचा यंत्रमानव घेतलास तर त्याला स्वतःचे डोळे नाहीत का? लेन्स होती तशी परत पाठव. कापसात गुंडाळ, वर्तमानपत्रात नको.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, कानस लागेपर्यंत.

बाबा

२४ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. कानस मी परवाच लावली.

आता रागवा. पण मी लगेच कळवा म्हणून लिहिलं होतं, आणि उत्तर नाही म्हणजे होकार हा आपल्या घरचाच कायदा आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाललं होतं ते. काचेवर कीस पडू नये म्हणून टेप चिकटवली.

लेन्स बसली. पण कॅमेरा तिला ओळखेना, म्हणे पुढे लेन्सच नाही. त्याची समजूत काढण्यातच पाऊण सकाळ गेली. सासूबाईंना खिडकीशी बसवलं. फोकस हाताने जुळवायचा. डोळ्यांवर आणावा तर नाकावर जातो, नाकावरून आणावा तर मागच्या पडद्यावर. मी लेन्सचं कडं फिरवतेय, त्या हात तोंडावर धरून बसल्यात. शेवटी त्या कंटाळल्या, आणि तोंडावरचा हात काढून मला झोडायला लागल्या, की आमच्या वेळी फोटोवाला माणसाला बसवून ठेवून म्हातारं करत नसे. नेमका तेव्हा फोकस सापडला.

फोटो सोबत आहे. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला आणि भिंतीवर कुठे लावणार ते विचारलं. यांनी लगेच हातोडी शोधायला घेतली.

लेन्स आता परत पाठवून उपयोग नाही. चुकलं म्हणत नाही. तुम्हाला दुखवलं, त्याचं वाईट वाटतं. लोभ उरला असेल तर कळवा.

ठकी

२ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा बापलेकींपुढे मी हात टेकले. यांचं ते ९ तारखेचं पत्र आठवडाभर यांच्याच शर्टाच्या खिशात होतं. शर्ट धुवायला घेताना मला सापडलं, मग मी पोस्टात टाकलं. हे यांना सांगितलं तर म्हणतात, पोस्टखातं पूर्वीसारखं राहिलं नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून घरात अबोला आहे. मी लेन्स दिली, म्हणून माझ्याशीही. चहा हवा असला की कप वाजवतात. फोटोकडे बघायचंच नाही म्हणून पाकीट कपाटावर टाकलं होतं. काल बघते तर स्टूल घेऊन वर चढलेत, या वयात. खाली उतरून फोटो खिडकीशी नेला आणि म्हणाले, “विहीणबाई चिडल्यात. पण लपलेल्या नाहीत.” त्यानंतर स्टुडिओची खोली उघडून आत बसलेत. काय करताय विचारलं तर दार लोटून घेतलं. तूच काय ते बघ बाई.

विहीणबाईंना नमस्कार सांग. आठवण ठेव.

आई

१० जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. डावा डोळा फोकसमध्ये आहे, उजवा किंचित सुटलाय. कडं फिरवताना श्वास धरावा, हे तुला लहानपणी सांगितलं होतं. बाकी फोटो बरा आहे. विहीणबाईंना माझा नमस्कार.

रागाचं म्हणशील तर तो आहे. तू लावलेली कानस मी पाहिली नाही, पण तुला भाजी चिरताना पाहिलंय, त्यावरून अंदाज येतो. माझ्याकडे त्याच जातीची दुसरी लेन्स होती. ही लांबच्या फोटोची. तिची पट्टी मी स्वतः तासली. चार दिवस लागले, पण कड बोटाला लागत नाही. ये आणि बघ, काम कसं करतात ते.

ती आता माझ्या कॅमेऱ्यावर चालणार नाही. म्हणजे घरात फोटो काढायला काहीच उरलेलं नाही. तेव्हा तुझा तो यंत्रमानव घेऊन लवकर ये. आईला आधी बसवू. कडं मी फिरवणार, तू मधे बोलायचं नाहीस.

बाबा